शाप खरा, पण जमीन कुणाला मिळाली?

तोरणमाळला जायचं ठरलं तेव्हा आमच्या ग्रुपच्या डोक्यात तीनच गोष्टी होत्या : पाऊस, भजी आणि झोप. पुण्याहून रात्रीची बस, सकाळी शहादा आणि तिथून ठरवलेली जीप. म्हसावद गेलं, राणीपूर मागे पडलं, सातपायरी घाट सुरू झाला आणि एकेकाच्या मोबाइलमधलं नेटवर्क गळायला लागलं. आमच्यातल्या आयटीवाल्या मैत्रिणीनं घाबरून फोन खिडकीबाहेर आकाशाकडे धरला. ड्रायव्हरदादा आरशातून बघत शांतपणे म्हणाले, ‘‘ताई, वर देव आहे. टॉवर खाली राहिला.’’

समुद्रसपाटीपासून साधारण साडेअकराशे मीटरवरचं हे पठार. जुलैचा महिना. यशवंत तलाव असा समोर असून दिसत नव्हता, इतकं धुकं. संध्याकाळी सातला लाइट गेले. पत्ते खेळून झाले, भुतांच्या गोष्टी सांगून झाल्या. मग मी माझा हुकमाचा एक्का काढला. मोबाइलमध्ये एक जपानी ॲनिमे उतरवून आणली होती. डोंगरातलं गाव, खून आणि शाप. अशा ठिकाणी, अशा रात्री बघायला हीच मालिका आणायची हा सॉलिड फंडा माझाच. त्याबद्दल नंतर मैत्रिणींनी माझा जो उद्धार केला तो इथे छापता येणार नाही.

मालिकेचं नाव ‘हिगुराशी नो नाकु कोरो नि’. हिगुराशी म्हणजे संध्याकाळी झाडांवर किरकिरणारा एक किडा. तो किरकिरतो तेव्हा, असा काहीसा नावाचा अर्थ. प्रत्येक भागात तो आवाज मागे सतत चालू असतो. आमच्या खोलीबाहेर सातपुड्यातले किडे आपला स्वतंत्र कार्यक्रम करत होते. थोड्या वेळानं आतला किडा कोणता आणि बाहेरचा कोणता, हेच कळेना.

गोष्ट काय आहे?

जून 1983. हिनामिझावा नावाचं जेमतेम दोन हजार वस्तीचं डोंगरातलं गाव. केइइची नावाचा शहरी मुलगा आईवडिलांबरोबर तिथं राहायला येतो. शाळा एवढीशी, त्यामुळे लहानमोठे सगळे एकाच वर्गात. त्याला मस्त मैत्रिणी मिळतात. शाळा सुटली की पत्ते, पकडापकडी, दंगा. पहिला अर्धा तास तुम्हाला वाटतं, अरे, हे तर लहान मुलांचं कार्टून!

मग त्याला कळतं, की या गावात धरण होणार होतं. गाव पाण्याखाली जाणार होतं. गावकऱ्यांनी जोरदार आंदोलन केलं. 1979 साली धरणाच्या कामावरच्या मुख्य माणसाचा खून झाला आणि त्याच्या देहाचे तुकडे केले गेले. त्यानंतर दर वर्षी जूनमधल्या गावजत्रेच्या रात्री एक माणूस मरतो आणि एक बेपत्ता होतो. गाव म्हणतं, ओयाशिरो-सामा या आमच्या देवाचा शाप आहे. केइइची मैत्रिणींना विचारतो, इथे कधी काही झालं होतं का? त्या म्हणतात, छे, काहीच नाही. त्या खोटं का बोलल्या? बस्स, इथून त्याच्या डोक्यात संशयाचा किडा शिरतो आणि आपल्याही.

हे मूळचं ॲनिमे नाही. र्‍युकिशी07 हे टोपणनाव घेतलेल्या लेखकानं आपल्या छोट्या गटाबरोबर ही गोष्ट आधी कॉम्प्युटरवर वाचायची कादंबरी म्हणून काढली. त्याला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात : पडद्यावर चित्र, मागे आवाज, खाली मजकूर. बटण दाबत वाचत जायचं. पहिला भाग ऑगस्ट 2002मध्ये टोकियोतल्या ‘कॉमिकेट’ या हौशी लेखक-चित्रकारांच्या बाजारात विकायला ठेवला होता आणि आठवा, शेवटचा भाग ऑगस्ट 2006मध्ये आला. चित्रंही लेखकानंच काढलेली. हातांचे पंजे अगदी बटाटेवड्यासारखे! अशा प्रकारच्या बऱ्याच कादंबऱ्यांत मध्येमध्ये पर्याय निवडून गोष्ट वळवता येते. इथे तीही सोय नाही. वाचकाला एकच काम : गुन्हेगार कोण ते ओळखा. माणूस, अपघात की शाप? 2006मध्ये स्टुडिओ दीननं त्याची 26 भागांची ॲनिमे केली, दिग्दर्शक चिआकी कोन. 2007मध्ये ‘काइ’ नावाचा 24 भागांचा दुसरा सीझन आला. पहिल्यात बरेचसे प्रश्न, दुसऱ्यात मुख्य उत्तरं.

आणि गंमत अशी, की एक कथा संपली की पुन्हा जून 1983 सुरू होतो. तेच गाव, तीच मुलं, पण आता संशय घेणारा वेगळा आणि मरणारा वेगळा.

धरण तिथलं आणि इथलं

हिनामिझावा काल्पनिक असलं तरी त्याचा चेहरा खरा आहे. जपानच्या गिफू प्रांतातल्या शिराकावा-गो या गावावरून ते काढलंय. गवतानं शाकारलेली उंच, उतरत्या छपरांची घरं, 1995पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेली. त्याच शो नदीवर वरच्या अंगाला मिबोरो धरण आहे, 1961मध्ये पूर्ण झालेलं. त्यात खरोखरच वस्त्या बुडाल्या. बुडणाऱ्या देवळांच्या आवारातली दोन जुनी चेरीची झाडं 1960मध्ये मुळासकट उचलून वरच्या बाजूला लावली, ती आजही जपानी लोक बघायला जातात. तिथल्या विरोधकांनी आपल्या संघटनेच्या नावात ‘शिशु’ हा शब्द घातला होता. आपलं शिशू नव्हे. जपानीत त्याचा अर्थ जीव देऊन राखणं. मालिकेतल्या गावकऱ्यांच्या संघटनेच्या नावातही तोच शब्द आहे.

मालिकेतलं धरण रद्द होतं. मिबोरो झालं. आणि आम्ही जिथे बसून हे बघत होतो तिथलं?

तोरणमाळ अक्राणी तालुक्यात येतं. डोंगरावर असल्यामुळे ते कोरडं राहिलं. पण याच अक्राणी आणि शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यांतली, नर्मदेच्या काठची 33 गावं सरदार सरोवराच्या बुडिताखाली आली. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा आला तो डिसेंबर 1979मध्ये. हो, मालिकेत पहिला खून होतो तेच साल. योगायोगच, पण त्या अंधाऱ्या खोलीत माझ्या अंगावर काटा आला. इथेही लोक उभे राहिले, मणिबेलीसारख्या गावाचं नाव जगभर गेलं. 1993मध्ये जागतिक बँकेचं उरलेलं कर्ज भारतानं नाकारलं, 2000मध्ये सुप्रीम कोर्टानं धरण पुढे न्यायला परवानगी दिली, 2017मध्ये दरवाजे बंद झाले. इथे कुणी शापाची वाट बघत बसलं नव्हतं. मोर्चे, अर्ज, कोर्ट, उपोषणं. सगळं दिवसाढवळ्या.

सीताखाईपर्यंतची गोष्ट

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरदादांनी विचारलं, ‘‘रात्री किती ओरडत होत्या तुम्ही सगळ्या! काय बघत होत्या?’’

सीताखाई येईपर्यंत मी त्यांना गोष्ट सांगितली. गाव, धरण, जत्रा, दर वर्षी एक मेला, एक गायब. माझी कथनशैली एकदम रंगात आलेली. ‘‘आणि सगळं गाव म्हणतं, देवाचा शाप आहे!’’ असं म्हणून मी दम घ्यायला थांबले. माझा अंदाज होता, ते म्हणतील, बाप रे. किंवा, मग खुनी कोण?

त्यांनी गिअर बदलला आणि मराठी सोडून सरळ अहिराणीत विचारलं, ‘‘मंग जमीन कोणले भेटनी?’’

मग जमीन कुणाला मिळाली?

मी गप्प. खाली सीताखाईत पाणी कोसळत होतं आणि मी डोक्यात सव्वीस भाग उलटसुलट करत होते. मालिकेतलं उत्तर जमीन नाही, एवढं सांगितलं म्हणून रहस्य फुटत नाही. पण या माणसानं प्रश्न मात्र बरोबर जागी ठेवला होता. शाप आहे की नाही, यावर आम्ही चौघींनी अर्धी रात्र घालवली होती. त्यांनी विचारलं, शापामुळे कुणाचं काम झालं? मालिकेतला म्हातारा पोलीस ओइशी वर्षानुवर्षं ज्या प्रश्नाभोवती फिरतोय, तिथे हे गृहस्थ तिसऱ्या वळणावर पोचले होते.

‘‘आमच्याकडे असंच असतं,’’ ते म्हणाले. ‘‘बाई डाकीण आहे म्हणतात. कुणाचं पोर मेलं, कुणाची म्हैस मेली. नंतर बघा. बाई गेली की तिचं शेत कोण कसतं ते बघा.’’

माझ्या चार ओळी

आता एक कबुली. पत्रकारितेची डिग्री घेऊन मी पहिली नोकरी एका वर्तमानपत्राच्या जिल्हा आवृत्तीत केली. गाव आणि पेपरचं नाव राहू दे. एका रात्री फोन आला : एका पाड्यावर जादूटोण्याच्या संशयावरून विधवा बाईला मारहाण, गुन्हा दाखल. पान लागायला वीस मिनिटं होती. मी चार ओळी केल्या. ‘अंधश्रद्धेचा आणखी एक बळी’ असं हेडिंग दिलं. सीनिअर म्हणाले, कॉपी स्वच्छ आहे. मी खूश.

त्या चार ओळींत बाईचं वय होतं, पाड्याचं नाव होतं, कलम होतं. तिच्या नावावर शेत होतं का, हे नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. ‘अंधश्रद्धा’ हा शब्द लिहिला आणि मला वाटलं, कारण सांगून झालं. गाव ‘डाकीण’ म्हणून प्रश्न बंद करतं, मी ‘अंधश्रद्धा’ म्हणून बंद केला. माझा शब्द शिकलेला होता, एवढाच फरक.

कायदा आहे, आणि तो फुकट मिळालेला नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. 20 ऑगस्ट 2013ला पुण्यात त्यांची हत्या झाली, चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबर 2013मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या व्यक्तीला डाकीण किंवा भुताळी ठरवून तिला मारणं, तिची धिंड काढणं, तिचं जगणं मुश्किल करणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, पाच ते पन्नास हजार दंड. कायदा मारणाऱ्याला पकडू शकतो. पण सर्वांत आधी कुणी, कुणाच्या कानात, कशासाठी कुजबुज केली, हे शोधायला कुणीतरी दुसरा प्रश्न विचारावा लागतो.

आपण कुठले शहाणे?

आता हे सगळं ‘तिकडचं’ म्हणून सोडून द्यायचा मोह होतो ना? मलाही झाला. पण मग राईनपाडा आठवलं.

1 जुलै 2018. शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं गाव, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी पाच माणसं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून आधीच फिरत होती. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. तोरणमाळला गोरक्षनाथाचं देऊळ आहे, महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. नाथपंथी झोळी या मुलखाला काही नवी नाही. तरीही त्या दिवशी कुणी झोळी ओळखली नाही. सगळ्यांनी मेसेज ओळखला.

तो मेसेज त्या उन्हाळ्यात अख्ख्या राज्यात फिरत होता. मलाही आला होता. मी तेव्हा कॉलेजात, मास कम्युनिकेशन शिकत होते, म्हणजे बातमी कशी तपासायची यावर परीक्षेत पंधरा मार्कांचं उत्तर लिहीत होते. ‘खरं-खोटं माहीत नाही, पण काळजी घे’ असं लिहून मी तो मेसेज आईला पाठवला. आईनं मावशीला. पुढचं मला माहीत नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणायला घेतली. पाच! मला तर एकच पुरला होता.

जपानही यातून सुटलं नाही. सप्टेंबर 2007मध्ये क्योतो भागात एका सोळा वर्षांच्या मुलीनं वडिलांचा कुऱ्हाडीनं खून केला. तेव्हा ‘हिगुराशी’चा दुसरा सीझन चालू होता आणि या मालिकेतही कोयते-कुऱ्हाडी आहेत. काही वाहिन्यांनी प्रसारण थांबवलं. त्या घरात नेमकं काय चाललं होतं, हा अवघड प्रश्न. कार्टून बंद करा, हे सोपं उत्तर. शापच तो, फक्त टीव्हीचा.

बोला ना यार

या मालिकेत रक्त भरपूर आहे, पण मला जी भीती वाटली ती रक्ताची नाही. पहिल्याच कथेत केइइचीला मैत्रिणींचा संशय येतो आणि तो त्यांना एकदाही सरळ बसून सांगत नाही, की मला असं असं वाटतंय, मला भीती वाटते. ‘तू काही लपवत नाहीस ना?’ असं एक मैत्रीण विचारते. तो म्हणतो, नाही. त्यावर ती ‘खोटं!’ म्हणून जी किंचाळते, तेव्हा आमच्याही खोलीत सामूहिक किंकाळी झाली. तो खरंच खोटं बोलत असतो. आणि मग प्रत्येक साधी गोष्ट त्याला पुरावा वाटायला लागते. ऑफिसात हे किती वेळा होतं सांगा! दोघी कॅन्टीनमध्ये हळू बोलताना दिसल्या की आपल्याविषयीच. बॉसनं मेलला उत्तर दिलं नाही की आपली नोकरी गेली. फरक इतकाच, की आपल्या हातात बॅट नसते.

दुसऱ्या सीझनमधली एक गोष्ट मात्र मी थोडी फोडणार आहे, माफ करा. गावात सातोको नावाची छोटी मुलगी आहे. तिच्या घरच्यांनी धरणाच्या बाजूनं मत दिलं होतं, म्हणून गावानं त्यांना वाळीत टाकलं. धरण रद्द झालं, आईबाप गेले, तरी पोरीकडे बघून गाव तोंड फिरवतंच. का, ते कुणी विचारत नाही. सवय झालीय. (आपल्याकडे सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, 2016मध्ये. म्हणजे सवय आपल्यालाही होतीच.) तिचा काका तिला घरात मारतो. आधीच्या एका कथेत तिला वाचवायला एक जण एकट्यानं काकाचा खून करायला निघतो आणि सगळं आणखी बिघडतं. नंतरच्या एका कथेत मुलं काय करतात? सरळ बालकल्याण कार्यालयात जातात. साहेब म्हणतात, बघू. दुसऱ्या दिवशी जास्त जण जातात. तिसऱ्या दिवशी आणखी जास्त. शेवटी ज्या म्हाताऱ्यांनी तिला वाळीत टाकलं होतं, तेही रांगेत येतात.

खुनाच्या मालिकेतला सर्वांत थरारक प्रसंग कोणता, तर सरकारी ऑफिसात अर्ज देणं! शहरात आपल्याला हे हास्यास्पद वाटेल. नंदुरबार जिल्ह्यात कुणाला वाटणार नाही. कलेक्टर ऑफिसवर पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी जास्त माणसं घेऊन कसं जायचं, हे नर्मदेकाठच्या लोकांना कुठल्या ॲनिमेनं शिकवलेलं नाही.

परतीच्या वाटेवर राणीपूरजवळ नेटवर्क आलं. चौघींचे फोन एकदम टणटणायला लागले. मी मेसेज बघायच्या आधी एक जुना नंबर शोधला. ती चार ओळींची बातमी मला ज्यांनी फोनवर दिली होती, त्यांचा. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, ती बाई आता कशी आहे?

‘‘ती? ती नाही राहत तिथे. भावाकडे गेली कधीच.’’

‘‘आणि शेत होतं का हो तिचं?’’

‘‘होतं की. आहे अजून. चांगलं पाण्याखालचं आहे.’’

‘‘कोण कसतं आता?’’

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं, रेंज गेली. गेली नव्हती.

‘‘विचारून सांगतो,’’ ते म्हणाले.

ड्रायव्हरदादा आरशातून माझ्याकडे बघत होते. काही बोलले नाहीत. मी पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन लावणार आहे. त्यांनी सांगितलं नाही, तर त्याच्या पुढच्या आठवड्यात.

बघायचंच असेल तर

आधी 2006ची 26 भागांची मालिका, मग 2007ची ‘काइ’. 2020ची ‘गो’ दिसायला चकाचक आहे, पण ती आधीचं बघितलेल्यांसाठी आहे. तिथून सुरुवात केलीत तर मजा जाईल. हिंसा खरोखर बरीच आहे, त्यामुळे घरातल्या लहानांना ‘कार्टून आहे’ म्हणून लावून देऊ नका. तोरणमाळ शहाद्यापासून साधारण 55 किलोमीटर. पावसाळ्यात घाटात धुकं दाट असतं, तेव्हा गाडी इथल्या माणसाच्या हाती द्या. आणि गोष्ट सांगायची वेळ आली, तर त्यालाही सांगा. तो काय विचारतो ते नीट ऐका.